रस अल खैमा, तीन दिवस

अ‍ॅमस्टरडॅमचं विमान गुरुवारी होतं.
मधले तीन दिवस वाळवंटात काढू, तू म्हणालास,
एक माझ्या जनावरांचा, एक तुझ्या गोल्फचा,
एक नुसता लोळायचा.
म्हणून छत्र्या घरीच ठेवल्या.

सोमवारी पडदा सरकवला तर खाडी दिसेना.
रिसेप्शनवरची फिलिपिनो मुलगी
लॉटरी लागल्यासारखी हसत होती, शाळांना सुट्टी दिलीय म्हणाली.
किती मिलिमीटर? तू विचारलंस,
पाटबंधाऱ्यात तीस वर्षं काढलेला माणूस.
तिला कळेना.
लॉबीतल्या एवढ्या संगमरवरावर
निळ्या प्लास्टिकच्या पाच बादल्या मांडलेल्या,
त्यांत टप टप,
तुला एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं.

अभयारण्याची गाडी तरीही निघाली.
ड्रायव्हर स्वातचा, गुलझमान.
असा दिवस इथे वर्षातून दोनदा, तो हिंदीत म्हणाला,
आणि वायपर लावायचा विसरला.
तू वहीत लिहिलंस: ऑरिक्स, सात.
शाई ओघळली, साताला शेपूट फुटलं.
ती पांढरी जनावरं घाफच्या झाडाखाली गेली नाहीत.
झाड होतं. आडोसा होता.
उघड्यावर उभी राहिली, शिंगं मागे टाकून,
पाठीवरून पाणी पोटाकडे येऊ देत.
गुलझमाननं इंजिन बंद केलं, काच खाली घेतली,
हात बाहेर धरला.
मग तू. मग मी.
कितीतरी वेळ कुणी बोललंच नाही.

मंगळवारी गोल्फचं मैदान बंद.
चार माणसं रबरी पट्ट्यांनी पाणी ढकलत होती
एका खळग्यातून दुसऱ्या खळग्यात.
पैसे परत देतो, काउंटरवरचा म्हणाला.
मी म्हटलं, पैसे राहू दे. एक चेंडू मारू द्या.

तुला हे सगळं ठाऊक आहे,
तरी तू पहिल्यांदा ऐकल्यासारखा बघत राहिलास:
बाबा देवळालीच्या कॅम्पात साहेबांच्या पिशव्या वाहायचे.
गवतात गेलेला चेंडू पायाच्या अंगठ्यानं शोधायचे,
चपला काढून. चपलेला काय कळतंय, म्हणायचे.
अंधार पडायला लागला, मैदान रिकामं झालं की
तुटक्या दांड्याला सुतळी गुंडाळलेली एक काठी
माझ्या हातात द्यायचे.
मार बये. घाई नको. डोकं वर नको.
स्वतः कधी मारला नाही त्यांनी.
मीही कधी विचारलं नाही.

पिशवी तू उचललीस.
भाड्याची, चौदा काठ्यांची, एका चेंडूसाठी.
खांद्याला लावून माझ्या मागे आलास, दोन पावलं सोडून,
बरोबर तेवढंच अंतर.
हे तुला कुणी सांगितलं होतं, भार्गव?

मारला.
डोकं वर केलं नाही, म्हणून कुठे गेला ते दिसलं नाही.
पलीकडे खारफुटीच्या कडेला साचलेल्या पाण्यातून
रोहित पक्षी उठले, चिडून,
पंखांखालचा लाल-काळा रंग दाखवून
परत तिथेच बसले.
सत्तावीस, तू म्हणालास.
वही भिजली होती, तर माझ्या तळहातावर लिहिलंस.

मग मी बूट काढले.
नवा घ्या, नवा घ्या, तो काउंटरवरून ओरडत होता.
घोट्यापर्यंत पाणी, वरून गार, तळाशी कोमट.
तूही पँट दुमडलीस,
बगळ्यासारखा एक एक पाय टाकत
मी सांगेन तिकडे वळत गेलास.
अर्धा तास. जास्तच.
सापडला तो तुझ्या अंगठ्याला.

आपला नव्हता.
पिवळा पडलेला, एका बाजूला चीर,
वर कुणीतरी हिरव्या पेननं दोन टिंबं काढलेली.

बुधवारी रस्ते बंद होते, लोळलो.
तू हॉटेलच्या ड्रायरनं बूट वाळवलेस, आधी माझे.
चेंडू टीव्हीखाली ठेवला होता.
तळहातावरचे सत्तावीस
गुरुवारी विमानात चढतानाही
पुरते गेले नव्हते.